डेक्कनच्या मावशी आणि रिक्षावाले दादा, आभार

पुण्यात खडकवासला धरणातून पाणी सोडल्यामुळे नदीवरचा भिडे पूल बंद होता. वळसा घालून लकडी पुलाकडे निघाले आणि डेक्कनला गाडी बंद पडली. पायाशी तबला-डग्गा, वरून पाऊस. नारायण पेठेतल्या एका वाचनालयात अभंगांना साथ करायची होती. मानधन नाही, श्रोते जेमतेम. परत फिरावं, असंच मनात आलं.

तेवढ्यात फुलं विकणाऱ्या मावशींनी आपल्या टोपलीवरचा प्लास्टिकचा कागद काढला आणि तबला-डग्ग्याला गुंडाळला. तबल्यावरच्या काळ्या शाईला थेंब लागू नये म्हणून वर पदर धरला. त्यांची शेवंती मात्र भिजत राहिली. "पोरी, कबूल केलंयस ना? मग जा." रिक्षावाल्या दादांनी माझी गाडी ढकलत कडेला लावली, मला पोचवलं आणि पैसे घेतलेच नाहीत.

समोर सात जण होते. त्यांतल्या एका आजींच्या दोन्ही नाती आता माझ्याकडे तबला शिकतात. माझा वर्ग तिथूनच सुरू झाला.

मावशी, दादा, मनापासून आभार. घाईत नावंही विचारली नाहीत. मावशी, कागद धुऊन ठेवलाय. दोनदा येऊन गेले, तुमची जागा रिकामी होती. पुन्हा येते.