लिहून ठेवतोस खरं, पण कशासाठी?

बाळा,

तुझा मेसेज वाचला. नोशन या नोट्स ठेवायच्या ॲपमधलं सगळं उचलून आता ऑब्सिडियन या दुसऱ्या ॲपमध्ये नेतोयस, फोल्डर नवे, टॅग नवे, रोज सकाळी भरायचं टेम्प्लेट नवं, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, की आई हे सगळं करून खरंच काही उपयोग होतो का, की माझ्यातच शिस्त नाही. त्या शेवटच्या ओळीसाठी हे पत्र. मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून बसून लिहितेय, निवांत वाच.

शिस्तीचं आधी बोलते कारण ते मला लागलं. जी सिस्टीम नुसती चालू ठेवायलाच रोज वेळ काढावा लागतो, म्हणजे प्रत्येक गोष्टीला टॅग द्या, रंग द्या, प्रायॉरिटी ठरवा, आठवड्याचा रिव्ह्यू, महिन्याचा रिव्ह्यू, ती कामाच्या धबडग्यात फारच थोड्या लोकांकडून टिकते. मग ती सुटते, माणूस स्वतःला दोष देतो आणि त्याहून मोठी सिस्टीम शोधायला लागतो. तू आळशी नाहीस रे. उलट तू खूप मेहनत घेतोस, फक्त ती शिकण्याऐवजी नोट्सची मांडामांड करण्यात जातेय आणि त्याचं मला वाईट वाटतं.

आता उपयोगाचं. मला विचारशील तर उपयोग आहे, चांगला आहे. पण लिहून ठेवताना आपण दोन अगदी उलटी कामं करत असतो आणि दोन्ही एकाच ठिकाणी टाकतो. काही गोष्टी डोक्यातून निघून जाव्यात म्हणून लिहायच्या असतात, फॉर्मची शेवटची तारीख, कुणाला फोन करायचाय, काय आणायचंय. आणि काही गोष्टी डोक्यात राहाव्यात म्हणून लिहायच्या असतात, तू परीक्षेसाठी शिकतोयस ते. पहिल्या बाबतीत आपल्याऐवजी कागदाने लक्षात ठेवावं हेच तर हवं असतं. दुसऱ्या बाबतीत कागदानेच लक्षात ठेवलं तर शिकणं झालंच नाही. ॲपला दोन्ही सारखंच, फरक तुलाच करावा लागणार.

पहिल्या प्रकाराबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये काही प्रयोग छापले होते. अर्धवट राहिलेल्या कामांची आठवण करून दिली की लोकांना पुढचं वाचताना तेच मध्ये मध्ये आठवत राहायचं, पण ज्यांना ते काम कधी आणि कसं करणार याचा नेमका प्लॅन लिहायला लावला त्यांचा हा त्रास थांबला, काम अजून झालेलंच नव्हतं तरी. यातला 'नेमका' शब्द महत्त्वाचा बरं का. तुझ्या लिस्टमध्ये 'सर्टिफिकेटचं बघणे' असं काहीतरी असतं, त्याने डोकं मोकळं होत नाही. 'शनिवारी सकाळी फॉर्म भरायचा, त्याआधी फोटो स्कॅन करायचा' असं लिहिलंस की होतं.

आणि हुशार माणसाला लिस्ट लागत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. ३० ऑक्टोबर १९३५ ला बोइंगचं मॉडेल २९९ नावाचं नवं विमान चाचणीत उडालं आणि लगेच कोसळलं. इंजिन ठीक होतं, चालवणारे तर अतिशय अनुभवी होते, पण विमान उभं असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून जे लॉक लावतात तेच काढायचं राहिलं होतं. त्यानंतर वैमानिकांसाठी उड्डाणाआधीची छोटी चेकलिस्ट आली आणि तेच विमान पुढे बी-१७ म्हणून बारा हजारांवर बनलं. विमानात गोष्टीच इतक्या होत्या की सगळ्या लक्षात ठेवणं कुणालाच जमणारं नव्हतं. तुझी लिस्ट पण तेवढीच छोटी हवी, एका नजरेत वाचून होईल इतकी.

दुसऱ्या प्रकारात मात्र तुझी गडबड होतेय असं मला वाटतं. लेक्चर बघतोस, महत्त्वाचं कॉपी-पेस्ट करतोस, हायलाइट करतोस, सेव्ह करतोस, आणि सेव्ह झालं की झालं असं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला, काहींना तो पुन्हा वाचायला सांगितला आणि काहींना न बघता आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले, आणि बऱ्यापैकी पुढे. मला यात सगळ्यात जास्त हे पटतं की पुन्हा वाचताना येतंय येतंय असं वाटत असतं, नोट्स सुंदर असल्या की अजूनच वाटतं, आणि आठवून लिहिताना अडखळायला होतं, काहीच येत नाही असं वाटतं, पण टिकतं ते असं आठवून लिहिलेलंच. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यातही हायलाइट करणं आणि पुन्हा वाचणं खालच्या रांगेत, स्वतःची परीक्षा घेणं आणि दिवस सोडून सोडून उजळणी करणं वरच्या.

वहीत लिहावं की लॅपटॉपवर, यावर तू मागे मित्राशी वाद घातला होतास ना? २०१४ चा एक गाजलेला अभ्यास आहे, हाताने लिहिणाऱ्यांना संकल्पनांवरचे प्रश्न जास्त चांगले आले असा, पण नंतर इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा फरक इतका ठामपणे दिसला नाही. त्यामुळे तुला जे सोयीचं ते घे. फक्त समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवू नकोस.

आणि तू ज्या लुमानचं, म्हणजे चिठ्ठ्यांवर नोट्स लिहून त्या पेटीत ठेवणाऱ्या त्या जर्मन समाजशास्त्रज्ञाचं, नाव सारखं घेतोस त्याबद्दल. नव्वद हजार चिठ्ठ्या, सत्तरच्या आसपास पुस्तकं, हे आकडे ऐकले की कुणालाही वाटेल आपणही तशी पेटी करावी. पण तो करायचा काय ते बघ. वाचलेलं स्वतःच्या शब्दात लिहायचा आणि मग ही चिठ्ठी आधीच्या कुठल्या चिठ्ठीच्या मागे जाईल हे ठरवायचा, म्हणजे प्रत्येक वेळी नव्या विचाराला जुन्या विचाराशी भिडवायलाच लागायचं, कष्ट तिथे होते, पेटीत नव्हते. शिवाय त्याला त्यातून पुस्तकं लिहायची होती. तुला तुझ्या त्या सगळ्या लिंक लावलेल्या नोट्समधून काय लिहायचंय? हे मी खरंच विचारतेय, उत्तर असेल तर कर, मी आनंदाने बघेन.

मला स्वतःला डार्विनची सवय जास्त आवडते. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारं काही दिसलं की तो ते लगेच लिहून ठेवायचा, कारण त्याच्या लक्षात आलं होतं की सोयीच्या गोष्टींपेक्षा गैरसोयीच्या गोष्टी आपण फार पटकन विसरतो. किती प्रामाणिक माणूस! तुझ्या नोट्समध्ये असा एक कोपरा असावा असं मला मनापासून वाटतं, जिथे तुला न समजलेलं, चुकलेलं, पटलं नाही पण खरं असू शकेल असं सगळं असेल. ते कुठल्याच टेम्प्लेटमध्ये मिळत नाही.

तर मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं सांगते, बाकी तुझं तू ठरव. जुन्या नोट्स हलवायचं आजच थांबवलं असतं, पडू देत तिथेच, लागल्या तर सर्च आहे. कामांसाठी एक लिस्ट आणि एक कॅलेंडर, आठवड्यातून एकदा नजर टाकायची, बस. २५ मिनिटांचा टायमर तुला चालतो ना, मग तो ठेव, त्याला काही सांभाळावं लागत नाही. आणि शिकायच्या गोष्टींसाठी रोज रात्री सगळं बंद करून कोरं पान घ्यायचं, आज काय कळलं ते न बघता लिहायचं, मग उघडून ताडून बघायचं, राहिलं असेल तेवढंच दुसऱ्या रंगाने. पान फाटलं, हरवलं तरी चालेल, ते जपायला नाहीचये.

रविवारी फोन कर. या आठवड्यात जे शिकलास त्यातला एक भाग समोर काही न ठेवता मला समजावून सांग. मला त्या विषयातलं काही येत नाही त्यामुळे मी म्हणजे काय, का, असं कसं, सारखं विचारेन, आणि जिथे अडशील तिथे आपण दोघं थांबू, तू ते शोधून ये, मी फोन चालू ठेवते.

तुझी,
आई