नियमातून वगळलेली औषधे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हैदराबादजवळच्या पटानचेरू परिसरातले तलाव औषध कारखान्यांच्या सांडपाण्याने नासले, ही बातमी आपल्याकडे ‘परराज्यातली’ म्हणून मागे पडते. पण तिथला इसकवागू ओढा नक्कावागूला मिळतो आणि नक्कावागू मांजरेला. तीच मांजरा पुढे आमच्या बिलोली तालुक्याच्या सीमेवरून गोदावरीकडे जाते.

सुमारे 90 औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या तिथल्या सामाईक प्रक्रिया केंद्रातून शुद्ध करून सोडलेले पाणी स्वीडनच्या संशोधकांनी तपासले. त्यात सिप्रोफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक (जिवाणू मारणारे औषध, अँटिबायोटिक) लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत निघाले. हा अभ्यास 2007 चा. दोन वर्षांनी तलावांचे आकडे आले: 6.5 मिलिग्रॅमपर्यंत. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही हे औषध एवढे नसते! पुढे 2014 मध्ये त्याच परिसरातल्या काझीपल्ली तलावातल्या जिवाणूंमध्ये प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके मोठ्या प्रमाणावर आढळली. ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. उद्या साध्या जखमेवर किंवा लघवीच्या संसर्गावर औषध चालले नाही, तर डॉक्टरांनी काय करायचे?

त्या सामाईक केंद्राचे सांडपाणी नळाने हैदराबादेतल्या अंबरपेठच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात नेले गेले. म्हणजे मांजरेवरचा भार मुसी नदीवर गेला, आणि तलावांत साचलेला गाळ आहे तिथेच आहे.

सर्वांत जास्त चीड येते ती नियमाची. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी 2020 मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविके किती चालतील, याच्या मर्यादा मसुद्यात घातल्या होत्या. ऑगस्ट 2021 च्या अंतिम अधिसूचनेत त्या गाळल्या. त्यामुळे बाकीचे निकष पाळणारा कारखाना प्रतिजैविके सोडूनही कागदोपत्री निर्दोष ठरू शकतो. स्वस्त औषधे आणि रोजगार आम्हालाही हवेत. पण त्यांची किंमत शेतकऱ्याच्या विहिरीने आणि गुरांनी का मोजावी?

मंत्रालयाने त्या मर्यादा परत आणाव्यात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने सीमेवर मांजरेचे पाणी आणि गाळ प्रतिजैविकांसाठी तपासून निष्कर्ष मराठीत जाहीर करावेत. नांदेडच्या लोकप्रतिनिधींनी तेलंगण सरकारकडे काझीपल्लीसह सर्व तलावांतल्या गाळाचा प्रश्न लावून धरावा.

आपला,
एक वाचक
ता. बिलोली, जि. नांदेड