काचेतून आलेले ऊन कासवाच्या कामाचे नाही

मा. संपादक,
स. न.

थंडीची चाहूल लागली की घरात कासव पाळणाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात: खात नाही, पाण्यात एका अंगावर कलून तरंगते, कवच बोटाने दाबले तर दबते. कासव म्हणजे बहुतेक घरांत लाल कानपट्टीचे स्लायडर, मूळचे मिसिसिपीच्या खोऱ्यातले, दहाच्या नाण्याएवढे असताना विकत आणलेले. त्यावर घरोघरी उपाय ठरलेला, टाकी उचलून खिडकीपाशी ठेवायची. ऊन पडते, कासव मान ताणून बसते, पाहणाऱ्यालाही बरे वाटते. कवच मात्र मऊ ते मऊच.

दोष काचेचा. कातडीत ड 3 जीवनसत्त्व तयार व्हायला उन्हातले 290 ते 315 नॅनोमीटरचे किरण लागतात, त्यांना यूव्हीबी म्हणतात. खिडकीची साधी काच ते जवळजवळ पूर्ण अडवते, बाल्कनीवरचा पॉलिकार्बोनेटचा पत्राही. डासांची जाळी त्यातला बराच भाग खाते. ड 3 नसेल तर खाण्यातले कॅल्शियम आतड्यातून नीट शोषले जात नाही, आणि शरीर ते हाडांतून आणि कवचातून काढू लागते. अशा वेळी पाण्यात कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचे तुकडे कितीही तरंगत ठेवले तरी उपयोग नाही. शिवाय किरणांनी कातडीत जे सुरू होते त्याचे ड 3 व्हायला अंगात ऊब लागते. म्हणून दिवे दोन हवेत, एक यूव्हीबीचा आणि एक उबेचा, आणि दोघांचा झोत एकाच जागेवर पडायला हवा. एका टोकाला ट्यूब आणि दुसऱ्या टोकाला बल्ब अशी मांडणी दिसायला नीटस दिसते, पण कासव उबेकडे जाते आणि यूव्हीबी रिकाम्या पाण्यावर पडत राहतो.

‘यूव्ही’ हा शब्द बाजारात फार सैल चालतो. निळसर एलईडीत यूव्हीबी नसतो. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्यातही तो नसतो. सर्वांत घातक म्हणजे माशांच्या टाकीतले पाणी निर्जंतुक करण्याचा यूव्हीसी दिवा. तो उघडा लावला तर कासवाचे डोळे भाजतात आणि घरातल्या माणसांचेही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीच बनवलेली ट्यूब घ्यावी, खोक्यावर यूव्हीबीचे प्रमाण 5.0 किंवा 6 टक्के असे लिहिलेले असते. टी5 हाय आउटपुट, म्हणजे बारीक पण जास्त ताकदीच्या प्रकारची, मागे चकचकीत परावर्तक असलेली आणि टाकीच्या निदान निम्म्या लांबीची असावी. कवचाच्या पाठीपासून तिचे अंतर 25 ते 30 सेंटीमीटर ठेवावे. 10.0 किंवा 12 टक्क्यांची असेल तर 40 च्या आसपास. लहान कॉम्पॅक्ट दिव्याचा पल्ला तोकडा असतो, 15 ते 20 सेंटीमीटरच्या पुढे त्यातून फारसे काही पोचत नाही. ट्यूब आणि कासव यांच्या मध्ये काचेचे झाकण नको, अ‍ॅक्रिलिक नको.

उबेसाठी महागडा दिवा लागतोच असे नाही. 50 वॅटचा हॅलोजन किंवा 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब पुरतो. शेकायच्या जागी कवचाच्या उंचीवर 32 ते 35 अंश सेल्सिअस हवे. टाकीच्या बाहेर चिकटवायची रंगीत पट्टी काचेचे तापमान दाखवते, तिच्यावर विसंबू नये. वायरवाला डिजिटल थर्मामीटर घेऊन त्याचे टोक शेकायच्या जागेवर ठेवावे, दिवा लावून तासभराने आकडा पाहावा, आणि बल्ब वर-खाली करून तो जुळवावा. होल्डर चिनी मातीचाच हवा, प्लॅस्टिकचा काही आठवड्यांत वितळू लागतो. रात्री लाल बल्ब लावायची पद्धत सोडावी. पाणी ऊबदार असेल तर स्लायडरला रात्री दिव्याची गरज नाही, त्याला अंधार हवा. साधा प्लगचा टायमर घेऊन दोन्ही दिवे दिवसाला 12 तास चालवावेत. शेकायच्या जागेसाठी मंगलोरी कौलाचा तुकडा उत्तम, खडबडीत असतो आणि पाण्यात टिकतो. त्याला उतार द्यावा आणि वरचा भाग ठणठणीत कोरडा राहील इतका उचलावा. कवच सतत ओले राहिले की बुरशी धरते. विजेवर तापणारा ‘गरम दगड’ मात्र घेऊ नये. ऊब वरून घेण्याची या प्राण्यांची सवय असते, पोट भाजत असले तरी ते वेळेत उठत नाहीत.

पाणी 24 ते 27 अंश असावे. हिवाळ्यात नाशिक-पुण्याच्या घरात किंवा एसीच्या खोलीत ते सहज 20 च्या खाली जाते. मग कासव खाल्लेले पचवू शकत नाही आणि फुप्फुसाचा संसर्ग होतो. एका अंगावर कलून तरंगणे हे त्याचेच लक्षण असू शकते, तेव्हा हीटर वाढवत न बसता पशुवैद्यक गाठावा. हीटर लिटरला एक वॅट या हिशेबाने घ्यावा, म्हणजे 100 लिटरच्या टाकीला 100 वॅटचा, थर्मोस्टॅटसह. मोठे कासव काचेची नळी धडका देऊन फोडते, म्हणून तिच्यावर प्लॅस्टिकची जाळी हवीच. पाणी बदलण्याआधी प्लग काढून वीसेक मिनिटे थांबावे, तापलेली नळी हवेत उघडी पडली की तडकते. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी तिथूनच टपकेल, आणि सर्किटवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच, असावा.

उघड्या उन्हाइतके चांगले काहीच नाही आणि ते फुकट आहे. पण आपल्याकडे ‘कोवळे ऊन’ पौष्टिक समजतात, ते इथे लागू पडत नाही. सूर्य खाली असताना यूव्हीबी वातावरणातच अडतो. आपली सावली आपल्यापेक्षा बुटकी झाली की तो पुरेसा मिळू लागतो. मे महिन्यात हे साधारण साडेनऊ-दहाला होते. डिसेंबरात पुण्याला भरदुपारीही सूर्य 48 अंशांच्या वर चढत नाही, म्हणून तेव्हा साडेअकरा ते एक हीच वेळ. आठवड्यातून तीन-चारदा 15 ते 20 मिनिटे पुरेत. कासवाला त्याच्या काचेच्या टाकीसकट गच्चीवर ठेवू नये, ती काही मिनिटांत भट्टी होते. रुंद प्लॅस्टिकचा टब घ्यावा, त्यात थोडे पाणी घालावे, अर्ध्यावर फळी टाकून सावली करावी आणि कावळे-मांजरांसाठी वरून मोठ्या भोकांची तारेची जाळी लावावी. विदर्भातल्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. खोलीच 38 ला पोचली की बल्ब बंद ठेवावा आणि फक्त ट्यूब चालू द्यावी.

हे सारे स्लायडरपुरते. तारा कासव आणि आपल्या तळ्यांतली देशी कासवे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ती घरात ठेवणे गुन्हा आहे, दिवा कितीही उत्तम असो. आणि कंटाळा आला म्हणून स्लायडर गावच्या तळ्यात सोडू नये, ते देशी कासवांच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगते.

दुकानदारांना एक विनंती. ट्यूब वर्षानुवर्षे उजेड देते म्हणून ग्राहक ती तीन-तीन वर्षे चालवतात. तिचा यूव्हीबी मात्र आधीच ओसरलेला असतो, टी5 चा साधारण 12 महिन्यांत, जुन्या जाड टी8 ट्यूबचा आणि कॉम्पॅक्टचा सहा महिन्यांत, आणि डोळ्यांना तो फरक दिसत नाही. ट्यूब विकताना तिच्या टोकावर मार्करने विक्रीची तारीख लिहून द्यावी आणि बिलावर तिचा प्रकार नोंदवावा. ग्राहकांनीही त्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपले,
सरपटणारे प्राणी तपासणारे व सांभाळणारे काही जण, पुणे