ताई, पेटीवर नाव लावलंय

प्रिय ताई,

नाशिकच्या सातपूर, सिडको, पंचवटी, नाशिकरोड अशा चार बाजूंची आम्ही मुलं आज जर्मनीत शिकतोय, इंटर्नशिप करतोय. विमानातून उतरल्यावर प्रत्येकाला तू पहिला प्रश्न एकच विचारलास: पत्रपेटीवर नाव लागलं का? आभार मानायला सुरुवात त्या प्रश्नापासूनच करायला हवी.

सिडकोत पोस्टमनला घर माहीत असतं, आणि कुणी नसलं तर शेजारच्या काकू कुरिअर ठेवून घेतात. इथे बहुतेक इमारतींच्या पत्त्यात फ्लॅटचा नंबरच नसतो. पत्रपेटीवरचं आणि बेलवरचं आडनाव हाच पत्ता. ते नसेल तर पत्र आल्या पावली परत जातं. बँकेच्या कार्डाचा पिन, विम्याचं कार्ड, कराचा अकरा आकडी नंबर हे सगळं तर पोस्टानेच येतं. दुसऱ्याच्या खोलीत तात्पुरतं राहत असाल तर आपल्या नावाखाली 'द्वारा' म्हणून त्याचं आडनाव लिहा, हेही तूच सांगितलंस.

तू क्रम शिकवलास, ताई, आणि त्याचं मोल आम्हाला इथे आल्यावर कळलं. खोली मिळाली की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. तिथे नुसता भाडेकरार चालत नाही, घरमालकाच्या सहीचा वेगळा दाखला लागतो. म्हणून 'या पत्त्यावर नोंदणी होईल ना?' हे खोली घेण्याआधीच विचारायचं. नोंदणी झाली की काही आठवड्यांत कराचा नंबर घरी येतो. तो कंपनीला वेळेत दिला नाही तर पगारातून सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यात जड कर कापला जाऊ शकतो. जास्तीचा कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळतो, पण पुढच्या वर्षी. भाडं मात्र याच महिन्यात द्यायचं असतं.

वर्षाच्या खर्चासाठी व्हिसाआधी भरून ठेवायच्या ब्लॉक्ड अकाउंटमधले ११,९०४ युरो महिन्याला ९९२ च्या हिशेबानेच हातात पडतात, हे तू मुलांपेक्षा आईवडिलांना जास्त वेळ समजावलंस. त्यातून खोलीची अनामत निघत नाही, तिची सोय वेगळी करावी लागते. अनामत मूळ भाड्याच्या (हीटिंग, पाणी वगैरे सोडून) तीन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देता येते. 'मी परदेशात आहे, पैसे भरा, चावी कुरिअरने पाठवतो' असं म्हणणाऱ्याला एक युरोही पाठवायचा नाही, ही तुझी ताकीद नाशिकमधल्या किती घरांचे पैसे वाचवून गेली असेल!

सगळ्यात मोठं नुकसान तू इंटर्नशिपच्या बाबतीत टाळलंस. अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप आणि स्वतःहून केलेली इंटर्नशिप, काम सारखंच असतं, कागदावर मात्र जमीन-अस्मानाचा फरक. सक्तीचे दिवस विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची जी मर्यादा आहे तिच्यात धरले जात नाहीत, पण तिथे किमान वेतनाचा हक्कही नसतो. स्वतःहून केलेलीचे दिवस मोजले जातात, आणि ती तीन महिन्यांपेक्षा लांबली तर किमान वेतन पहिल्या दिवसापासून द्यावं लागतं. म्हणूनच इंटर्नशिप सक्तीची असल्याचं विद्यापीठाचं पत्र कंपनी आधी मागते. अभ्यासक्रमाच्या नियमावलीत बारा आठवडे सक्तीचे असतील आणि करार सहा महिन्यांचा असेल, तर उरलेले महिने स्वेच्छेचे ठरतात. सही करण्याआधी कराराशेजारी नियमावली उघडून आठवडे मोजा, असा तुझा आग्रह असायचा. तो आग्रह तू कधीच सोडू नकोस.

घरातली एक गोष्टही तुझ्यामुळेच कळली. नाशिकला खिडक्या दिवसभर उघड्या, ओल काय ती पावसाळ्यात. इथे बंद खोलीत कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की वाफ बाहेरच्या गार भिंतीवर बसते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. खिडकी नुसती तिरकी ठेवून उपयोग नाही, भिंत उलट आणखी गार पडते. हीटर बंद करून खिडकी पूर्ण उघडायची, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. नाहीतर ती बुरशी अनामतीतून वसूल होते.

बॅगेचंही तसंच. तूप, पेढे, बर्फी आणायची नाही, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि बहुतेक ताजी फळं रोग-कीड नसल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय चालत नाहीत. काळा मसाला आणि चिवडा खुशाल आणा.

पुढच्या तुकडीतला एक जण येताना तुझ्यासाठी काहीतरी घेऊन येतोय. त्याच्या आईला द्राक्षंच पाठवायची होती. तुझं नाव सांगितल्यावर त्यांनी किलोभर मनुके बांधून दिलेत.

तुझीच,
नाशिकची मुलं