फेगिनवरून राहिलेलं भांडण

प्रिय सॅमसन,

इतके महिने पत्र नाही, चिडला असशील. शुगर आटोक्यात, आईही बरी.

परवा डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’चे पेपर तपासताना, चोरट्या पोरांचा म्होरक्या फेगिन याच्यावर एका पोराचं उत्तर वाचलं: ‘फेगिन ज्यू असल्यामुळे लोभी आहे.’ अरे, हा मुलगा रोज तुम्हा ज्यू लोकांच्या इस्रायल आळीतून कॉलेजात येतो! मनात काही विष नाही त्याच्या. पुस्तकच पानोपानी फेगिनला नावाऐवजी ‘तो ज्यू’ म्हणतं, पोराने तेच उचललं. मार्क कापू तरी कुणाचे?

तू टी.वाय.ला म्हणायचास, ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ शिकवूच नका. मी म्हणायचो, शिकवाच. अजूनही तेच म्हणतो, ओरडू नकोस. पण शिकवायचं तर एलायझा डेव्हिस या ज्यू बाईच्या पत्रासकट. डिकन्सचं लंडनचं घर तिच्या नवऱ्याने विकत घेतलेलं. 1863 मध्ये तिने डिकन्सला लिहिलं, तुम्ही आमच्या समाजावर अन्याय केलात. तो म्हणाला, त्या काळी तसले गुन्हेगार बहुधा ज्यूच असत, आणि पुस्तकातले बाकीचे दुष्ट ख्रिश्चनच आहेत की! बाईने बरोबर पकडलं त्याला: त्यांच्या जोडीला चांगले ख्रिश्चनही आहेत, फेगिन मात्र एकटाच. सॅम, कँटीनमध्ये तू टेबलावर हात आपटून हेच सांगत होतास.

1867 च्या आवृत्तीत डिकन्सने पुढच्या प्रकरणांतून बऱ्याच ठिकाणी ‘तो ज्यू’ काढून टाकलं. त्याआधी ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ कादंबरीत रिया नावाचा सज्जन म्हातारा ज्यू आणला. खरा सावकार ख्रिश्चन, बदनामी या म्हाताऱ्याच्या माथी. ‘आमच्यातल्या वाईटातल्या वाईटावरून लोक आम्हा सगळ्यांना जोखतात’ अशा अर्थाचं तो बोलतो, तिथे मला भरून येतं. पण रिया कधी चिडत नाही, घासाघीस करत नाही. तुझे बाबा मासळीबाजारात कसे तडकायचे! फेगिन लाल केसांचा, हातात काटा घेऊन चुलीपाशी सॉसेज तळत उभा. नाटकातला सैतानच तो, तरी वास येतो त्या खोलीचा. रियाच्या घरात कसलाच वास नाही. बदनामी पुसायला संत उभा केला, माणूस राहूनच गेला. हेच मला खातंय: वर्गात फेगिन जिवंत होतो, रिया होत नाही. पोरं घरी नेतात तो फेगिन.

यंदा एलायझाचं पत्र आधी वाचणार, कादंबरी नंतर. पटत नसेल तर जूनच्या आत भांड.

शोशानाचे गुडघे कसे आहेत? धाकटीची सैन्यातली नोकरी संपली का? फोटो पाठव.

तुझा,
अन्या