पशुपोषणाची वाटही दाखवा

संपादक महोदय,

बारावीनंतरच्या वाटांवर दरवर्षी इतके लिहिले जाते, पण पशुपोषणाचा उल्लेख क्वचितच असतो. माझ्या मुलीने महूला साडेपाच वर्षांची पशुवैद्यक पदवी घेतली. तेथील महाविद्यालय 1955 पासूनचे, इंदूरहून तासाभराच्या वाटेवर. आता एम.व्ही.एस्सी.ला, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीला, तिने पशुपोषण निवडले, तर नातेवाईक विचारतात, "गायीला काय घालायचं, हे शिकायला एवढी वर्षं?" याचे मला फार वाईट वाटते.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव कोरड्या भुशातून ऊर्जा काढतात, युरियातल्या नत्रापासून प्रथिने घडवतात. 100 किलो भुशावर 4 किलो युरिया विरघळवलेले पाणी शिंपडून तो साधारण 21 दिवस हवाबंद ठेवला, की अधिक पचतो. प्रमाण चुकले तर मात्र विषबाधा! आणि माळव्यात आपण गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेले काड, असा चारा करण्याऐवजी पेटवून देतो.

पुढे संशोधनासाठी कर्नाल, इज्जतनगर, बंगळुरूच्या संस्था आहेत. मराठी घरांतल्या मुलांसाठी आपण यावर एखादा सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

– एक पालक, रामबाग, इंदूर