फ्लॉपी भंगारात काढण्याआधी: मा. सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

सरकारी कपाटांत पडलेल्या फ्लॉपी (संगणकावरचा मजकूर साठवणाऱ्या जुन्या चुंबकीय तबकड्या) जडवस्तू नोंदवहीत ‘निरुपयोगी’ ठरतात आणि निर्लेखनाच्या, म्हणजे भंगारात काढण्याच्या, यादीत जातात. आमची मागणी एकच आहे. हुबेहूब डिजिटल प्रतिमा, म्हणजे आतल्या सगळ्या माहितीची जशीच्या तशी प्रत, काढल्याशिवाय एकही फ्लॉपी निर्लेखित करू नये, असे परिपत्रक काढा आणि पुराभिलेख संचालनालयात अशा प्रतिमा काढणारे एक टेबल उभे करा.

घाई आहे ती बुरशीमुळे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तबकडीवर पांढुरके ठिपके धरतात. साडेतीन इंची फ्लॉपीचे पत्र्याचे झाकण सरकवून, मागची चकती बोटाने फिरवत उजेडात पाहिले की ते दिसतात. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी वाचणाऱ्या हेडला चिकटते, तबकडीवर गोल ओरखडा उठतो आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीही त्याच हेडखाली खरवडल्या जातात. तबकडी कवचातून काढून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसावी, पूर्ण वाळू द्यावी, मग दुसऱ्या स्वच्छ कवचात घालून वाचावी. खरखर ऐकू आली की तिथेच थांबून हेड पुसावे.

फ्लॉपी वाचण्याआधी लेबलचा फोटो आणि कुलूप, म्हणजे तिच्यावर नवे काही लिहिले जाऊ नये अशी सोय. साडेतीन इंचीची खिडकी उघडी ठेवायची, सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीने बंद करायची. हे विसरून चालणार नाही, कारण विंडोज ९५ कुलूप नसलेल्या फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये (माहितीच्या पहिल्या कप्प्यात) न विचारता स्वतःची खूण लिहीत असे.

बाजारातला यूएसबी ड्राइव्ह पुरेसा नाही. त्याला सव्वापाच इंची चालत नाही आणि खराब सेक्टर आला की तो हात टेकतो. जुना अंतर्गत ड्राइव्ह, ३४ पिनांची पट्टीकेबल, स्वतंत्र वीजपुरवठा आणि जुना ड्राइव्ह आजच्या संगणकाला जोडणारे ग्रीझवीझलसारखे छोटे बोर्ड एवढे साहित्य लागते. हे बोर्ड सेक्टरऐवजी चुंबकीय बदलच टिपते. एकच ट्रॅक (तबकडीवरचे माहितीचे वर्तुळ) अनेक फेऱ्यांत वाचून नंतर संगणकावर जुळवता येतो. साडेतीन इंची १.४४ एमबी फ्लॉपीत ८० ट्रॅक, २ बाजू, दर ट्रॅकला १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे १४,७४,५६० बाइट; प्रतिमा तेवढी भरली का, हे मोजावे. लगेच तिचा एसएचए-२५६ ठसा (फाइलीत एक बाइट बदलला तरी बदलणारा आकडा) घेऊन लेबलच्या फोटोसोबत ठेवावा.

खरी अडचण यानंतर सुरू होते, ती मजकूर ओळखण्याची. डीबेस या जुन्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीची फाइल सोपी: पहिला बाइट बहुधा ०३, पुढच्या तिनांत शेवटच्या बदलाची तारीख, त्यापुढच्या चारांत नोंदींची संख्या. मराठी मजकुराचे तसे नाही. भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१ च्या इस्की या संगणकीय मानकात ‘मराठी’ हा शब्द (सोळा-आधारी अंकांत) सीसी, सीएफ, डीए, बीई, डीसी अशा पाच बाइटांचा असतो. फाइलींची यादीच खराब झाली असली तरी अख्ख्या प्रतिमेत हा क्रम शोधता येतो. पण श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टांत अक्षराचे तुकडे दिसण्याच्या क्रमाने साठवलेले असतात: ‘शिक्षण’ मधली वेलांटी श च्या आधी, ‘मूर्ती’ मधला रफार त च्या नंतर. नुसती कोडांची अदलाबदल केली तर रफार आणि वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात. म्हणून प्रत्येक फॉन्टचा वेगळा तक्ता लागतो, आणि रूपांतरानंतर मराठी वाचणारा माणूसही. मूळ फाइल मात्र कधीही पुसू नये. तक्त्यातली चूक पुढे सापडली की तिच्यावरूनच पुन्हा काम करावे लागते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. युनिकोड या आजच्या सर्व लिप्यांच्या सामाईक मानकाच्या आधी संगणकावर टाइप झालेले मराठीही त्याच भाषेचे दप्तर आहे.

परिपत्रकात आणखी एक ओळ घालावी. फ्लॉपीच्या डब्यासोबत त्या जुन्या संगणकातला फॉन्टांचा फोल्डर, जिस्ट कार्ड (संगणकावर भारतीय लिप्या चालवणारे कार्ड) आणि प्रिंटर पोर्टला लावलेले डाँगल (ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली) हेही राखून ठेवावे. त्यांच्याविना प्रतिमा हाती येईल, पण कोणता फॉन्ट होता हे अंदाजाने शोधत बसावे लागेल.

आपले,
जुन्या माध्यमांवरचा मजकूर काढण्याचे काम करणारे तंत्रज्ञ